पालि सुत्तांतील तीन युक्ती : पुनर्व्याख्या, निरुक्ती आणि दृष्टांत

अलंकार म्हणजे भाषेचे भूषण, असे साहित्यशास्त्रात सामान्यतः सांगितले जाते. पालि सुत्तांचा अभ्यास करताना ही व्याख्या अपुरी पडते. तेथे शब्दयोजना बहुधा युक्तिवादासाठी असते. ती वगळली तर केवळ सौंदर्य नव्हे, प्रतिपादनच ढासळते. जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचे खंडन करताना तथागतांनी योजलेल्या तीन युक्तींचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

पहिली पुनर्व्याख्या. प्रचलित शब्द तोच ठेवून त्याचा अर्थ पालटणे, हे तिचे स्वरूप. सुत्तनिपातातील वसलसुत्तात भिक्षाटनास निघालेल्या तथागतांना अग्निपूजक भारद्वाज 'मुण्डक', 'समणक', 'वसलक' असे संबोधून अडवितो. या शब्दांच्या अंती असलेला 'क' तुच्छतादर्शक आहे. मराठीत 'कवी'चे 'कवडा' व्हावे तसा. वसल, म्हणजे नीच, कोणास म्हणावे हे तुला ठाऊक आहे काय, असे तथागत विचारतात. भारद्वाज अज्ञान कबूल करतो. मग क्रोध, हिंसा, चोरी, वृद्ध मातापित्यांची उपेक्षा अशी दुराचरणे गाथागाथांतून येतात आणि गाथेमागून गाथा एकाच पालुपदावर संपते. या आवर्तनाने 'वसल' हा शब्द जन्मापासून सुटतो आणि कर्माशी बांधला जातो.

वासेट्ठसुत्तात हीच युक्ती 'ब्राह्मण' या शब्दाला लावली आहे. तृण, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यांत जातिभेदाची चिन्हे शरीरावर दिसतात. मनुष्यांत तशी दिसत नाहीत. म्हणून ब्राह्मण तो, जो आसक्ती व बंधने यांतून मुक्त झाला. अशा वचनांचा आधार घेऊन 'बुद्धांनी ब्राह्मण्याचा गौरवच केला' असे सांगणारे आढळतात. ही दिशाभूल आहे. ज्या शब्दाचा सारा अधिकार जन्मावर उभा, त्यातून जन्मच काढून घेतला, तर गौरव कोणाचा झाला? कोणत्याही कुळातील शीलवान, विमुक्त मनुष्याचा. धम्मपदाचा अखेरचा ब्राह्मणवग्गही याच दृष्टीने वाचावा.

दुसरी निरुक्ती, म्हणजे शब्दाची फोड करून अर्थ उलगडणे. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात 'अज्झायक' शब्दाची अशी फोड आहे. वेदांचे अध्ययन करणारा, हा त्याचा रूढ व मानाचा अर्थ. परंतु 'झायक' म्हणजे ध्यान करणारा. त्यामागे नकारार्थी 'अ' मानला की 'ध्यान न करणारा' असा अर्थ निघतो. ज्यांना ध्यान साधले नाही ते गावांजवळ येऊन ग्रंथ रचू लागले, आणि हे नाव त्यांना प्रथम हीनत्वदर्शक म्हणून मिळाले, असे सुत्त सांगते. व्याकरणदृष्ट्या ही व्युत्पत्ती खरी नव्हे. पण तिचा हेतूही व्याकरण शिकविण्याचा नाही. ज्या नावाचा अभिमान बाळगला जातो ते मनुष्यांनीच दिलेले आहे, ब्रह्म्याच्या मुखातून उतरलेले नाही, हे ती उपरोधाने दाखविते.

तिसरी दृष्टांत. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात तथागत विचारतात : उच्च मानलेल्या कुळातील माणसाने चंदनाच्या काष्ठाने अग्नी पेटविला आणि हीन मानलेल्या कुळातील माणसाने कुत्र्याच्या वा डुकराच्या डोणीच्या लाकडाने पेटविला, तर पहिल्यालाच ज्वाला, प्रकाश व उष्णता असेल आणि दुसऱ्याला नसेल काय? दोन्ही अग्नी सारखेच, हे अस्सलायनाला मान्य करावे लागते. येथे उपमा शोभेसाठी आलेली नाही. निष्कर्ष प्रतिपक्षाच्याच मुखातून वदवून घेतला आहे.

१९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बुद्धवचनांचा विपर्यास का होतो याची मीमांसा करून, जे बुद्धिसंगत व तर्कसंगत ते बुद्धवचन मानता येईल, ही पहिली कसोटी दिली. ती कसोटी नीट लावावयाची तर वचन कोणत्या युक्तीने उच्चारले आहे हे प्रथम ओळखावे लागते. अन्यथा उपरोध इतिहास ठरतो आणि खंडन स्तुती ठरते. म्हणून विहारातील सुत्तवाचनात प्रत्येक वचनाला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो : हे कोणास उद्देशून आहे? त्याचा कोणता दावा समोर होता? आणि शब्दाचा जुना अर्थ येथे टिकला की पालटला?