नौवहनातील तंत्रज्ञान व प्रशिक्षण : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाड हे सावित्रीकाठचे जुने व्यापारी बंदर होय. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते दासगाव-महाडपर्यंत येत. पारघाटातून पोलादपूरमार्गे उतरलेला देशावरचा माल येथून समुद्रमार्गे जाई. वारा, भरती-ओहोटी व खडक यांचे ज्ञान तांडेलाकडून अनुभवानेच पुढील पिढीस मिळे. कालांतराने ही वाहतूक मागे पडली.

तंत्रज्ञान :
आज जहाजाचे स्थान उपग्रहाद्वारे कळते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या जहाजांवर २०१२ ते २०१८ या काळात इलेक्ट्रॉनिक नकाशा-प्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तथापि पडद्यावरील माहितीचा अर्थ लावण्यात चूक झाल्यास अपघात होऊ शकतो. यंत्र साहाय्य करते. निर्णयाची जबाबदारी माणसाचीच असते.

प्रशिक्षण :
म्हणूनच नाविकांच्या प्रशिक्षणासंबंधीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार वेळोवेळी सुधारण्यात आला. १९९५ मध्ये रडारसाठी सिम्युलेटरवरील सराव अनिवार्य झाला, तर २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक नकाशांचे प्रशिक्षण समाविष्ट झाले. मुंबईत १९२७ मध्ये ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेली प्रशिक्षणाची परंपरा ‘राजेंद्र’ व ‘चाणक्य’ यांच्याद्वारे २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठापर्यंत पोहोचली.

निष्कर्ष :
नौवहनशास्त्राच्या पदवीप्रवेशासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. इंग्रजीच्या गुणांचीही अट असते. अकरावीत गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यास ही वाट नकळत बंद होते. तांडेलाची जागा आता शिक्षकाने घ्यावयाची आहे. म्हणून हे मार्गदर्शन विषयनिवडीपूर्वीच होणे अगत्याचे आहे.