निळा कोट, निळी पार्श्वभूमी आणि चित्रातला उजेड

एप्रिल जवळ आला की वडूजसारख्या तालुक्याच्या गावी बाबासाहेबांच्या चित्रांचे फलक लागतात. पूर्वी ही चित्रे पेंटर हाताने रंगवीत. आता आपली मुलेमुली ती मोबाईलवर, टॅबवर रंगवतात, याचे आम्हांस कौतुकच आहे. पण फलक जरा लांबून पाहावा, तर निळा कोट निळ्या पार्श्वभूमीत विरघळलेला आणि चेहरा सपाट, असे पुष्कळदा दिसते. रंग चुकलेला नसतो. उजेड-अंधाराचे माप चुकलेले असते.

भडक तांबडा आणि मध्यम हिरवा शेजारी ठेवा. केवढा फरक! पण त्यांतला रंग काढला की दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीचे.

तपासणी सोपी आहे. क्रितासारख्या मोफत प्रोग्राममध्ये सर्वांत वर नवा लेअर घ्यावा, तो राखाडीने पूर्ण भरावा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' करावा. खालचे चित्र कृष्णधवल दिसू लागते. लेअर बंद केला की रंग परत. नुसते सॅच्युरेशन शून्यावर ओढून मात्र भागवू नये. काही प्रोग्राम त्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीचे दाखवतात! आपल्या डोळ्याला पिवळा फार उजळ, निळा फार गडद वाटतो. जुन्या दूरचित्रवाणीच्या सूत्रात उजळपणासाठी तांबड्याला 30, हिरव्याला 59 आणि निळ्याला अवघे 11 टक्के धरीत, ते याचसाठी.

बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, म्हणजे कसोटी हाताशीच आहे. आपले चित्र राखाडी करून मूळ छायाचित्राशेजारी ठेवावे. कोट, कपाळ, गालाखालची सावली जुळते का पाहावे.

चेहरा उठावा म्हणून तो गोरा करणारेही आहेत. हे आम्हांस मुळीच पटत नाही. सावळ्या वर्णातही छायाप्रकाश भरपूर असतो. बदलायची ती पार्श्वभूमी : फिकट आकाशी करा, नाहीतर कोटाहून पुष्कळ गडद. सर्वांत उजळ छटा चष्म्याच्या चमकेसाठी राखून ठेवा.

आणखी एक. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, फ्लेक्सला नसतो. छापल्यावर गडद निळे आणखी काळवंडतात, म्हणून आधी लहान नमुना छापून घ्यावा.

औंध आपल्याच खटाव तालुक्यात आहे. तेथील भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. सुटीत मुलांना तेथे न्या आणि डोळे किलकिले करून चित्र पाहायला सांगा. रंग मंदावतात, उजेडाचे आणि सावलीचे मोठे भाग तेवढे उरतात. मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चित्रकार हीच तपासणी करीत आले आहेत.