कपडेपटाचा तास

तमाशातल्या गवळणीत मावशीचं काम करणाऱ्या मुलाला लुगडं नेसवून देऊ नये, त्यालाच नेसायला लावावं, हा माझ्या कपडेपटातला पहिला नियम. वाकोल्याला माझ्या खोलीवर आलेल्या एका मुलाला तो फारसा पटला नाही. "ताई, शिवलेली नऊवारी असेल ना? लेंग्यासारखी चढवली की झालं." मी म्हटलं, "आहे. पण आधी ही नेसून दाखव," आणि नऊ वारांचं सुती लुगडं त्याच्या पुढ्यात टाकलं.

माझं शिक्षण सांताक्रूझच्या पश्चिमेला, जुहू तारा रोडवरच्या एसएनडीटीच्या संकुलात झालं. तिथल्या प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निकात आम्ही आधी कागदावर पॅटर्न काढायचो, मग स्वस्तातल्या मांजरपाटावर तो बेतायचो. कापड माणसाच्या अंगावर यायचं ते सगळ्यात शेवटी. काम मात्र मिळालं रेल्वेच्या पूर्वेला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात २००३ साली वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली आणि पाठोपाठ प्रकाश खांडगे यांनी लोककला अकादमी उभी केली. गण, गवळण, बतावणी, वग, भारूड, गोंधळ हे सगळं तासिकांत बसलं. तिथली मुलं एकांकिकांच्या आणि युवा महोत्सवांच्या दिवसांत कपड्यांसाठी माझ्याकडे येतात.

तमाशा कधी वर्गात शिकवतात का, असं नाक मुरडणारे तेव्हाही होते. फडावर शिकवणं असं वेगळं नसेच. विठाबाई नारायणगावकरांसारखी मुलगी फडातच जन्मायची, मोठ्यांच्या निऱ्या धरता धरता नेसायला शिकायची. वर्गाला तेवढी सवड नाही, हे खरंच. पण फडात न जन्मलेल्यालाही ही कला शिकता येते, ती वर्गामुळेच. मला हा व्यवहार फायद्याचा वाटतो.

भरताने नाट्यशास्त्रात आहार्य, म्हणजे वेशभूषा आणि रंगभूषा, हा अभिनयाचाच एक प्रकार मानला आहे. लावणी शिकणाऱ्या मुलींना हे सांगून पटत नाही, नेसून पटतं. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मग काष्टा मागे ओढून खोचायचा. तो फार घट्ट ओढला तर बसता येत नाही, सैल राहिला तर दुसऱ्या गिरकीला सुटतो. पोटऱ्यांवर कापड आवळून आलं पाहिजे, नाहीतर पायातल्या चाळांत अडकतं. म्हणून नेसून झालं की मी आरशात बघू देत नाही. उकिडवं बसा, उठा, गिरकी घ्या. काष्टा टिकला तर पुढचं बोलू.

त्या मुलाचा पहिल्यांदा टिकला नाही. मावशी लंगडत का चालते म्हणून बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. पण चारपाच वेळा सोडून-नेसून झाल्यावर चालीत एक ठसका आला, आणि तो काही मी शिकवलेला नव्हता.

प्रयोगात त्याने शिवलेलीच घातली. गवळणीत मावशी आणि वगात शिपाई, मध्ये जेमतेम बतावणीपुरता वेळ. तेवढ्यात नऊ वार सोडून गणवेश कोण चढवणार? माप घेताना मात्र तोच म्हणाला, "ताई, आसनाला दोन बोटं जास्त ठेवा. मावशीला मध्येच फतकल मारून बसायचंय."