'लाल' शब्द, निळी शाई

नेरळच्या एखाद्या वर्गात फळ्यावर निळ्या खडूने 'लाल' असे लिहा आणि विचारा, "खडूचा रंग कोणता?" चांगले वाचणारी मुले क्षणभर अडखळतील. वाचन आपोआप घडते. ते आवरून रंग सांगावा लागतो. असे स्वतःला आवरणे, बेत आखणे, चुकताच रीत बदलणे या मेंदूच्या कार्यकारी क्षमता होत. त्यांत कपाळामागील भागाचा वाटा मोठा असतो. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे त्याची प्रमाणित चाचणी झाली.

पण नुसत्या सेकंदांना अर्थ नसतो. घरी कातकरी बोली बोलणारे, नुकतेच मराठी वाचू लागलेले मूल घ्या. त्याला शब्द फारसा अडवणारच नाही. ते रंग बिनचूक सांगेल. यावरून त्याचा संयम कसा मोजणार? म्हणून तुलना सारखे वय, भाषा आणि शिक्षण असणाऱ्यांशीच हवी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, शिक्षण व लिंग यांनुसार वेगळी प्रमाणके आहेत, ती याचसाठी.

तेव्हा प्रयोग वर्गात जरूर करा. पण त्यावरून कोणालाही 'धांदरट' ठरवू नका. निदान हे प्रशिक्षित मानसतज्ज्ञाचे काम आहे.