सब्र शिकावा लागतो

चाकण एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला गेलेल्या रोजेदाराची सहरी घरी होत नाही. पहाटे तो कँटीनमध्ये डबा उघडतो. शेजारचा सहकारी तेवढा वेळ त्याच्या मशीनकडे लक्ष ठेवतो. सकाळी कंपनीची बस त्याला चिखलीत किंवा मोशीत सोडते, तेव्हा घरात पोरांच्या शाळेची धांदल चालू असते. मग झोप दुपारी, पत्र्याखालच्या उकाड्यात, तुकड्यातुकड्यांनी. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की घड्याळ पुन्हा उलटे फिरते. रमजानमध्ये रोजेदाराच्या वाट्याला ही कसरत थोडी जास्त येते, एवढेच. वर्षभर ती पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या सगळ्याच कामगारांची असते.

असा एक तिशीतला सीएनसी ऑपरेटर डोळ्यांसमोर आणावा. मराठवाड्यातून आलेला, नोकरी कंत्राटावर, डोक्यावर घराचा हप्ता आणि गावाकडे आईचे औषधपाणी. काही आठवड्यांपासून बसमध्ये बसले की त्याच्या छातीत धडधडते, हात गार पडतात. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. घरी क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो आणि पोरगा दचकला की स्वतःचीच लाज वाटते. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘सब्र कर बेटा.’ मित्र म्हणतात, ‘लई विचार करू नको.’ दोघांच्याही मनात माया आहे. पण सब्र करायचा कसा आणि विचार थांबवायचे कसे, हे कोणीच सांगत नाही.

सब्र म्हणजे तोंड दाबून सोसणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. अरबीत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा, आवरण्याचा अर्थ आहे. स्वतःला आवरणे ही कृती आहे आणि कृती शिकता येते. घरातल्या लहान मुलालाही पहिल्याच दिवशी पूर्ण रोजा धरायला लावत नाहीत. आधी दुपारपर्यंत, मग जमेल तसा पुढे.

मन आवरण्याचे हे शिक्षण देणारा समुपदेशक आता मोबाईलवर भेटू शकतो. पाळी करून, पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीतून वाट काढत, दर आठवड्याला पुण्यातल्या दवाखान्यात जाणे या कामगाराला झेपणारे नाही. व्हिडिओ कॉलवरची पाऊण तासाची भेट त्याच्या सुट्टीच्या दिवशी किंवा पहिल्या पाळीनंतर बसू शकते. जाणता समुपदेशक सुरुवातीलाच विचारतो: आत्ता तुम्ही कुठे आहात, जवळपास कोणी ऐकत आहे का, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा? दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळणे अवघडच. मग कानात इअरफोन घालून गच्ची गाठावी लागते.

पुढचे काम फिटरला ओळखीचे वाटावे असे आहे. बिघाड कुठे आहे ते आधी शोधायचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि प्रा. कि. मो. फडके यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी वाचकांपर्यंत नेलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात घटना: ‘सुपरवायझर कंत्राटाबद्दल काही बोलला नाही.’ दुसऱ्यात मनातला विचार: ‘माझे नाव कापलेच, आता सगळे संपले.’ तिसऱ्यात परिणाम: धडधड, चिडचिड, जागरण. लिहिल्यावर ध्यानात येते की पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधे एक रकाना आहे, आणि तो तपासता येतो. नाव कापल्याचा पुरावा काय? कापलेच तर पुढची पहिली पायरी कोणती? नोकरीची अनिश्चितता त्याने जात नाही. कंत्राटी पद्धतीचा प्रश्न वहीत सुटणारा नाही, हे समुपदेशकानेही मान्य करावे लागते. पण त्या अनिश्चिततेपोटी पोरावर निघणारा राग कमी होऊ शकतो.

दुसरे साधन काळजीच्या वेळेचे. दिवसातली वीस मिनिटे काळजीसाठी राखून ठेवायची. एरवी विचार आला की कागदावर एक शब्द टिपायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचे. ठरल्या वेळी त्या यादीचे दोन भाग करायचे: ज्यावर काही करता येईल ते आणि जे आपल्या हातात नाही ते. तिसरे साधन श्वासाचे. छाती धडधडू लागली की सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. चौथे झोपेचे. रात्रपाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळायचा, दिवसा खिडकीला जाड पडदा लावायचा, आणि बराच वेळ झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचे. दर भेटीनंतर गृहपाठ असतो. तो केला नाही तर नुसत्या बोलण्याने थोडे मोकळे वाटते, हाती मात्र फारसे काही लागत नाही.

‘हे सगळे परके आहे, आपल्या दीनमध्ये कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांनी अबू झैद अल-बल्खी हे नाव लक्षात ठेवावे. नवव्या-दहाव्या शतकातल्या या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि मनात घुमत राहणारे विचार यांचा त्याने वेगवेगळा विचार केला. त्याचा एक सल्ला आजचा समुपदेशकही देतो: अचानक लागेल म्हणून आपण घरात औषध ठेवतो, तसे निरोगी विचार मन शांत असतानाच साठवून ठेवावेत. धडधड सुरू झाल्यावर श्वासाची रीत शिकायला बसणे म्हणजे ब्रेक निकामी झाल्यावर मेंटेनन्सचे पुस्तक उघडणे.

काही गोष्टी मात्र ताडून घ्यायला हव्यात. समुपदेशक म्हणवणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही, म्हणून शिक्षण विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला संकोच नको. ‘कंपनीला कळेल’ ही भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. औषधे चालू असतील तर रोजासाठी ती स्वतःहून बंद करू नयेत, वेळाही परस्पर बदलू नयेत, डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच आहे. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नये. घरच्यांना सांगावे, जवळच्या रुग्णालयात जावे.

पैशाची अडचण असेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाला सकाळी सातलाही तो फोन लावता येतो.

रमजानच्या संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर शेजारी-मित्र एकत्र येतात. खजुराची थाळी पुढे करताना एखादा जण नेहमीपेक्षा गप्प दिसला, तर ‘सब्र कर’ म्हणण्याआधी त्याला विचारावे, ‘झोप लागते का रे?’ तो सांगू लागला तर मध्ये न बोलता ऐकावे, आणि उठताना १४४१६ हा आकडा त्याच्या मोबाईलमध्ये घालून द्यावा.