दुबईचा काका आणि कुडाळची दोन खाती

मुलांनो, आज तुम्हांला एक कोडं घालते.

समजा, तुमचा काका दुबईला नोकरीला आहे. कुडाळच्या एकाच बँकेत, एकाच शाखेत, त्याच्या एकट्याच्या नावावर दोन खाती आहेत. पहिल्या खात्यातले पैसे दुसऱ्यात टाकायचे असतील, तर बँक लगेच टाकते. पण दुसऱ्यातले पहिल्यात टाकायचे म्हटले, की बँक म्हणते, "थांबा. आधी कागदपत्रं दाखवा."

माणूस तोच, बँक तीच, पैसेही त्याचेच. मग एकीकडे दार सताड उघडे आणि दुसरीकडे पहारेकरी उभा, असं का बरं?

उत्तर लगेच सांगत नाही. आधी पैसे घरी यायचे कसे, ते पाहू या.

खाकी पिशवीतले पैसे

आपल्या सिंधुदुर्गातल्या घराघरांतून माणसे मुंबईला कामाला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हॉटेलात. या चाकरमान्यांचे पैसे गावाला यायचे ते मनीऑर्डरने. आपल्या देशात पोस्टाने मनीऑर्डरचे काम १८८० साली हाती घेतले. मुंबईच्या पोस्टात फॉर्म भरायचा, पैसे आणि कमिशन द्यायचे, की काही दिवसांनी गावचा पोस्टमन खाकी पिशवीतून नोटा काढून आजीच्या हातावर मोजून ठेवायचा. आजीला सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी एक साक्षीदार.

फॉर्मच्या तळाला निरोप लिहायला थोडी जागा असे. 'पैसे पाठवले आहेत. बाबूची फी भरावी. तब्येत सांभाळा.' एवढेच. आजीला वाचता येत नसेल, तर पोस्टमनच तो निरोप वाचून दाखवी. पैसे मिळाल्याची सहीची पावती परत मुंबईला जाई. ती हातात पडली, की पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडे.

कमिशन किती? दर २० रुपयांमागे १ रुपया. म्हणजे ५०० रुपये पाठवायचे तर किती, सांगा बरं? बरोबर, २५ रुपये. घाम गाळून मिळवलेल्या पैशांतून एवढे फक्त पाठवणावळीचे जात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळजण कोकणातले. तिकडे पगार थांबला, की इकडे मनीऑर्डर थांबली. दुकानातली उधारी, शाळेची फी, घराची शाकारणी, सगळे त्या एका कागदावर अवलंबून होते. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' म्हणत, ते उगीच नव्हे!

पुढे पोस्टातही संगणक आले. जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली.

रुपया समुद्रापार

मुंबईच्याही पलीकडे, अरबी समुद्र ओलांडून आपली माणसे आखाती देशांत गेली. तुम्हांला गंमत वाटेल, पण एके काळी दुबईच्या बाजारात आपला रुपयाच चालत असे! १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना 'गल्फ रुपी' म्हणत. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान इथे त्या चालत. हळूहळू प्रत्येकाने आपापले चलन आणले. दुबईत १९६६ साली रुपया बंद झाला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

आज तिकडे दिरहम मिळतात आणि कुडाळात लागतात रुपये. म्हणजे काकाच्या पैशांना वाटेत रूप बदलावे लागते. असे पैसे किती येतात? २०२२ या एका वर्षात परदेशांतून भारतात घरी पाठवलेली रक्कम १०,००० कोटी डॉलरांच्या वर गेली. जगातल्या कुठल्याही देशाला त्याआधी एका वर्षात एवढी रक्कम मिळाली नव्हती.

गाव कुठले नव्हे, राहता कुठे?

आता कोड्याकडे वळू.

काका नोकरीसाठी दुबईला गेला. त्याचे घर कुडाळला, पासपोर्ट भारताचा, गणपतीला तो न चुकता येतो. तरीही बँकेच्या दृष्टीने तो 'अनिवासी भारतीय' झाला. आपल्या देशात परकीय चलनाचा एक कायदा आहे. तो १९९९ साली झाला आणि जून २००० पासून लागू झाला. हा कायदा तुमचे गाव कुठले, हे विचारत नाही. तुम्ही सध्या राहता कुठे आणि कशासाठी, हे विचारतो.

म्हणून परदेशी नोकरीला गेल्यावर काकाने बँकेला तसे कळवायचे असते. मग त्याचे नेहमीचे बचत खाते 'अनिवासी' खात्यात बदलले जाते. कितीतरी जण हे विसरतात आणि पुढे अडचणीत येतात. घर दुरुस्तीचे नाहीतर इस्पितळाचे पैसे द्यायची वेळ येते आणि नेमके तेव्हाच खाते अडते. काका तिकडे, कागद इकडे आणि आजी बँकेच्या बाकावर!

आता याच्या उलट पाहा. एखादा जपानी इंजिनिअर पुण्याच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी नोकरीला आला, तर तो कायद्याने इथला रहिवासी ठरतो. पासपोर्ट, व्हिसा, राहण्याचा पुरावा दाखवून त्याला साधारणपणे तुमच्या-आमच्यासारखेच साधे खाते उघडता येते. म्हणजे पाहा हं, जपानी पाहुण्याचे खाते साधे आणि आपल्या काकाचे मात्र 'अनिवासी'! आहे की नाही गंमत?

दोन टाक्या

काकाच्या दोन खात्यांची नावे आहेत एनआरई आणि एनआरओ. नावे विसरलात तरी चालेल. डोळ्यांपुढे दोन टाक्या आणा.

पहिली टाकी एनआरईची. तिच्यात बाहेरगावाहून आणलेले पाणी, म्हणजे परदेशात कमावलेले पैसे. ते काकाने तिकडून आणले, म्हणून त्याला वाटेल तेव्हा परतही नेता येतात. या खात्याच्या व्याजावर इथे प्राप्तिकर नाही.

दुसरी टाकी एनआरओची. तिच्यात आपल्याच विहिरीचे पाणी, म्हणजे इथे मिळालेले पैसे. घराचे भाडे, काजूच्या बागेचे उत्पन्न, शेअरांचा लाभांश. या खात्याच्या व्याजावर कर लागतो आणि तो बँक आधीच कापून घेते.

पहिल्या टाकीतले पाणी दुसरीत ओतले, तर बाहेरचे पाणी गावात आले. त्याला कोण अडवणार? पण दुसरीतले पहिलीत ओतले, तर विहिरीच्या पाण्याला गावाबाहेर जायचा परवाना मिळाला. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना गाव विचारणारच, किती नेता आणि का नेता?

देशाचेही तसेच. हे रुपये उद्या डॉलर होऊन बाहेर जाऊ शकतात. म्हणून बँक पाहते, की त्या कमाईवरचा कर भरला आहे ना? त्यासाठी ठरलेले अर्ज भरावे लागतात, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखलाही लागू शकतो. शिवाय एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १० लाख डॉलरांएवढी रक्कम, अशी मर्यादा आहे. तो पहारेकरी पैसे हिसकावून घेत नाही, हिशेब विचारतो.

आणि आजीच्या साध्या खात्यात पैसे टाकायचे असतील तर? दोन्ही टाक्यांतून खुशाल टाकता येतात!

नोटा प्रवास करतात का?

बँकेने बँकेला पैसे पाठवले, म्हणजे नोटांची पेटी कोकण रेल्वेने निघाली का? छे! प्रवास करतो तो फक्त निरोप. 'याच्या खात्यात इतके वजा, त्याच्या खात्यात इतके जमा.'

समजा, एका दिवसात 'अ' बँकेच्या लोकांनी 'ब' बँकेच्या लोकांना ७०,००० रुपये पाठवले आणि 'ब'च्या लोकांनी 'अ'च्या लोकांना ५०,०००. दोन्ही बँकांची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. तिथे शेवटी 'अ'कडून 'ब'कडे किती जायला हवेत? फक्त २०,०००! तुम्ही मधल्या सुट्टीत गोट्यांचा हिशेब असाच मिटवता की नाही?

एनईएफटी ही पद्धत २००५ साली सुरू झाली. तिच्यात दर अर्ध्या तासाला निरोपांचा एक गठ्ठा करून असा हिशेब होतो. डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस चालू असते. २०१६ साली आलेल्या यूपीआयने तर काही सेकंदांत पैसे पोचतात. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या मोबाइल नंबरांवरून अनिवासी खाती यूपीआयला जोडायची परवानगी मिळाली. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार आणि सौदी अरेबिया हे त्यांतलेच. म्हणजे काका दुबईचाच नंबर वापरून, आपल्या अनिवासी खात्यातून, कुडाळच्या वाण्याचे बिल भागवू शकतो. अर्थात, त्याच्या बँकेने तशी सोय दिलेली असेल तर.

एक अंक चुकला तर?

पोस्टमन आजीला ओळखत होता. यंत्र आजीला ओळखत नाही. ते ओळखते खात्याचा क्रमांक. पैसे जमा होतात ते क्रमांक पाहून. एखादा अंक चुकला आणि तो नेमका दुसऱ्या कोणाचा क्रमांक निघाला, तर काकाचा महिन्याचा पगार परक्या घरी जाऊन बसतो. मग तो परत मिळवायला अर्ज, विनंत्या आणि वाट पाहणे.

मी वर्गात एकदा गंमत केली. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात चौदा अंकी संख्या सांगितली आणि ती कानोकानी शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला लावली. शेवटी फळ्यावर जी संख्या आली, ती पाहून सगळा वर्ग हसत सुटला!

तिकडे काकाला घरमालकाच्या बँकेत भाडे टाकायचे असेल, तरी त्याला असाच लांबलचक क्रमांक लिहावा लागतो. तिथे तो स्वतः परदेशी रहिवासी. तिथले ओळखपत्र काढून त्याने खाते उघडलेले असते. अमिरातीतल्या या क्रमांकात २३ अक्षरे-अंक असतात आणि त्यात एक छान गणित दडवलेले असते. अक्षरांच्या जागी अंक घालून, सुरुवातीचे चार घर शेवटी नेऊन तयार झालेल्या संख्येला ९७ ने भागले, की बाकी १ उरायला हवी. एक अंक जरी चुकला, तरी बाकी बदलते आणि यंत्र तो क्रमांक परत करते. भागाकार काय कामाचा, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

आपल्याकडे शाखा ओळखायला अकरा घरांचा आयएफएससी क्रमांक असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे घर नेहमी शून्य आणि उरलेली सहा घरे शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहिलात, की गाडी अडली! एप्रिल २०२५ पासून एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव जरूर पाहावे. नव्या खात्यावर आधी एक रुपया पाठवावा, फोन करून पोचल्याची खात्री करावी आणि मगच मोठी रक्कम पाठवावी.

नवे पोस्टमन

आता खाकी पिशवी नाही. मोबाइल 'टिंग' वाजतो. आजी चष्मा शोधत विचारते, "पैशे इले काय रे?" आणि निरोप वाचून दाखवता तुम्ही! म्हणजे घरचे नवे पोस्टमन तुम्हीच झालात. त्या पोस्टमनवर सारा गाव विश्वास ठेवायचा. तसाच विश्वास आजी तुमच्यावर टाकते आहे. म्हणून एवढे सांभाळा.

रक्कम वाचताना शून्ये बोट ठेवून मोजा. किती पैसे आले, हे घराबाहेर सांगू नका. पिन घालावा लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. 'तुमचे पैसे आलेत, पिन सांगा,' असे कोणी फोनवर म्हणाला, तर आजीच्या हातून फोन घ्या आणि सरळ बंद करा. ओटीपी मागितला तरी तेच. फसवणूक झालीच, तर न लाजता लगेच मोठ्यांना सांगा आणि १९३० या नंबरवर फोन करायला लावा. आजीचा पिन आजीलाच घालू द्या, तुम्ही तेवढ्यापुरती मान वळवा.

आता पाहू, किती समजले ते!

१. काकाच्या बागेतले काजू विकून २०,००० रुपये आले. ते कोणत्या टाकीत जातील?

२. काकाने दुबईहून पगारातले पैसे पाठवले. पुढच्या वर्षी त्याला ते परत न्यायचे असतील, तर ते कोणत्या टाकीत ठेवावेत?

३. काका नोकरी सोडून कायमचा कुडाळला परत आला. आता त्याने बँकेला काय सांगायचे?

उत्तरे : १. दुसऱ्या, म्हणजे एनआरओ. २. पहिल्या, म्हणजे एनआरई. ३. "मी परत आलो. आता मी इथला रहिवासी. माझे खाते साधे करा!"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजीला विचारून पाहा. ती सगळ्यांत आधी देईल.