शंभर कॉम्प्युटर जोडून लॉक तोडतो म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देण्याआधी

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बॅचमधल्या, वर्सोवा कोळीवाड्यातल्या एक ताई भरदुपारी यारी रोडच्या माझ्या दुकानात आल्या. सुक्या मासळीचा होलसेल धंदा त्यांचा. पावसाळ्याआधीचे दिवस म्हणजे सुकट-बोंबलाचा खरा सीझन, आणि नेमक्या तेव्हाच लॅपटॉपवरच्या सगळ्या फायली लॉक झालेल्या. उधारीची एक्सेलसुद्धा. स्क्रीनवर इंग्रजीत निरोप: पैसे भरा, चावी मिळेल. यालाच रॅन्समवेअर म्हणतात.

एका रिपेअरवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "शंभर कॉम्प्युटर जोडून लॉक तोडतो. पंचवीस हजार होतील, दहा आधी द्या."

"सर, देऊ का?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, एक रुपयाही नको. का, ते तुम्हालाही सांगतो, कारण ही थाप उद्या तुमच्याही काउंटरवर येऊ शकते.

गंमत म्हणजे ती पूर्ण हवेतली थाप नाहीये. बरेच कॉम्प्युटर जोडून लॉक खरंच तोडलेलं आहे. डीईएस नावाचं लॉक एकेकाळी बँकासुद्धा वापरायच्या. जानेवारी १९९९ मध्ये डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या गटाने जगभरातले लाखभर कॉम्प्युटर आणि एक खास बनवलेलं मशीन मिळून ते २२ तास १५ मिनिटांत उघडलं. डोकं लढवून नाही, एकेक चावी लावून बघत.

पण डीईएसची चावी फक्त ५६ बिटची. इथे नीट लक्ष द्या: चावीत एक बिट वाढला की शक्य चाव्यांची संख्या दुप्पट होते. आठ बिट वाढले तर २५६ पट. त्याच गटाने मग ६४ बिटचं एक लॉक घेतलं. ३,३१,२५२ लोकांनी आपापले कॉम्प्युटर लावले, तरी २००२ मध्ये ते उघडेपर्यंत १,७५७ दिवस गेले. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये ७२ बिटचं काम सुरू केलं. वीस वर्षं उलटून गेली, चावी काही हाती लागलेली नाही.

आजची मजबूत लॉक्स १२८ किंवा २५६ बिटची असतात. चला, दुकानदाराचा हिशोब करू. समजा, भारतातल्या १४० कोटी लोकांच्या हातात एकेक मशीन दिलं आणि प्रत्येक मशीन सेकंदाला १०० कोटी चाव्या तपासतंय. ५६ बिटचं लॉक पापणी लवायच्या आत उघडेल. ७२ बिटला तासभरही लागणार नाही. वाटलं ना, जमतंय? आता १२८ बिट घ्या: सगळ्या चाव्या तपासायला साधारण साडेसात लाख कोटी वर्षं! नशीब जोरावर असेल आणि अर्ध्यातच सापडली, तरी पावणेचार लाख कोटी. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. आणि आपला रिपेअरवाला शंभर कॉम्प्युटर जोडणार, तेही सोमवारपर्यंत!

तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांना जमत असेल. मग आपल्या न्हावा शेवाचं बघा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून (हो, हिशोबाच्याच). मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली, आणि जेएनपीटीमधलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनलसुद्धा विस्कळीत झालं. पैशाला कमी नसलेली कंपनी. पण तिने लॉक तोडलं नाही. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नेटवर्कचा सगळा डोलारा ज्या माहितीवर चालतो, तिची एक शाबूत प्रत सापडली घानाच्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं.

मग फायली कधीच उघडत नाहीत का? उघडतात कधी कधी. व्हायरस बनवणाऱ्याने चूक केलेली असते, किंवा पोलिसांच्या हाती चाव्या लागतात. म्हणजे चावी मिळते, कुलूप तुटत नाही. नो मोअर रॅन्सम नावाची वेबसाइट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेली. तिथे लॉक झालेल्या फाइलचा नमुना टाका, उपाय निघाला असेल तर फुकट मिळतो. लॉक झालेल्या फायली डिलीट करू नका. आज नाही तर पुढे उपाय निघू शकतो. लॅपटॉपचं नेट लगेच बंद करा आणि नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. आणि बॅकअपची हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर तीही लॉक होते.

ताईंच्या फायलींवर तिथे उपाय नव्हता. मग आम्ही दोन दुपारी दुकानात बसलो. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि त्यांच्या सासूबाईंची जुनी लाल वही, जी ताई बंद करा म्हणून मागे लागल्या होत्या. त्यातून बरीचशी उधारी परत कागदावर आली. एका हॉटेलवाल्याचे अठरा हजार मात्र अजून अडकलेत. तो म्हणतो, एन्ट्री दाखवा.